आरोग्याचे पुरस्कार देण्यापूर्वी परीक्षकांनी गच्चीवर चढावे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आजार होऊच नयेत म्हणून झटणाऱ्यांचा सत्कार करण्याची प्रथा मुंबईत चांगलीच रुजली आहे. सामाजिक संस्था, डॉक्टरांच्या संघटना, उत्सव मंडळे, मोठ्या कंपन्या अशा कितीतरी जणांकडून ‘आरोग्य सेवा’ नावाचे सन्मान दिले जातात. हे व्हायलाच हवे. ज्या कामाला टाळी मिळत नाही त्या कामाला माणसे टिकत नाहीत, हे सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या आम्हा सर्वांना पक्के ठाऊक आहे. आमचे म्हणणे फक्त निवडीच्या पद्धतीबद्दल आहे. किती शिबिरे घेतली, किती माणसे आली, किती औषधे वाटली आणि किती गल्ल्यांत धूर मारला, हे निकष उपचाराच्या आणि प्रसिद्धीच्या कामाचे आहेत. प्रतिबंधाचे काम नीट झाले, तर दाखवायला रुग्णच उरत नाही. मग परीक्षकांनी पाहायचे काय? याचे उत्तर आहे आणि ते बऱ्यापैकी नेमके आहे. तेवढ्यासाठी हे पत्र जरा लांबवत आहोत.

सुरुवात डासांपासून करू, कारण मुंबईत प्रतिबंधाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा पसारा तिथेच आहे. धूम्रफवारणीचे यंत्र गल्लीत आले की मुले मागे धावतात, मोबाइल निघतात, लोकप्रतिनिधी शेजारी उभे राहतात. पण तो धूर त्या क्षणी उडत असलेल्या डासालाच मारतो. पाण्यातल्या अळीला त्याने काहीही होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यातून नवे डास बाहेर पडतात. डेंग्यू पसरवणारा एडिस हा घरातला डास आहे. तो पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या अंधाऱ्या बाजूला, टांगलेल्या कपड्यांत बसतो. धूर रस्त्यावर, आणि वास नको म्हणून लोक खिडक्या लावून घेतात. भर दुपारी फवारणी केली तर तापलेल्या हवेबरोबर धूर वर निघून जातो, वारा असेल तर पांगतो. रुग्ण सापडलेल्या घरात आणि आसपासच्या घरांत दारेखिडक्या बंद ठेवून केलेली फवारणी तेवढी उपयोगाची. म्हणून ‘अमुक इतक्या ठिकाणी धूम्रफवारणी’ हा आकडा पुरस्काराच्या अर्जात पहिल्या ओळीत दिसला, की परीक्षकांनी पुढची ओळ मागावी: अळ्या कुठे शोधल्या आणि किती सापडल्या?

शोधणारा माणूस कीटकनाशक विभागाचा कामगार असतो. त्याच्याकडे शिडी, टॉर्च, लांब दांड्याची पळी आणि एक वही असते. मुंबईत हिवताप पसरवणारा डास म्हणजे अॅनोफिलिस स्टिफेन्साय. त्याला स्वच्छ, स्थिर पाणी लागते: गच्चीवरची टाकी, जमिनीखालची टाकी, विहीर. गटारातला डास वेगळा, तो क्युलेक्स. तो चावून हैराण करतो आणि हत्तीरोग पसरवू शकतो, पण हिवताप किंवा डेंग्यू त्याच्यामुळे होत नाही. तरी ‘आमच्याकडे डास झालेत’ अशी तक्रार घेऊन येणारा रहिवासी कामगाराला आधी नाल्याकडेच नेतो, गच्चीची किल्ली मात्र वॉचमनकडे नसते. ही माहिती नवी नाही. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला, त्यातच शहरातल्या विहिरी आणि टाक्यांवर बोट ठेवलेले होते.

टाकी तपासण्याचीही एक रीत आहे. पाण्यावर अंगाची सावली पडली की अळ्या तळाशी जातात, म्हणून उजेडाकडे तोंड करून, सावली मागे पडेल असे उभे राहायचे. झाकण उघडल्यावर थोडे थांबायचे. पळी तिरकी धरून कडेकडेने हलकेच बुडवायची, कारण अळ्या मधल्या पाण्यापेक्षा कडेला जास्त असतात. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी अॅनोफिलिसची, आणि डोके खाली करून तिरपी लोंबणारी एडिसची किंवा क्युलेक्सची. एका बुडीत काही आले नाही म्हणून टाकी स्वच्छ ठरत नाही, चारी कोपरे घ्यावे लागतात.

चुका कुठे होतात, तेही ठरलेले आहे. टाकी धुणाऱ्याने काढलेले झाकण बाजूलाच राहते. पंपाची वायर झाकणाखालून घेतल्यामुळे झाकण एका बाजूने उचललेले राहते, आणि डासाच्या मादीला तेवढी फट पुरते. ओव्हरफ्लोच्या नळीला बांधलेली नायलॉनची जाळी उन्हाने कुजून फाटते. ती धातूची हवी आणि तिची भोके दीड मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. वापरात नसलेली जुनी टाकी काढून न टाकता तशीच ठेवलेली असते, पावसाचे पाणी तिच्यात साचते. आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित असते ती अग्निशमनाची टाकी. तिचे पाणी महिनोन्महिने हलत नाही, ते कोणी पीत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघतही नाही. कायमची शिडी बसवलेली नसेल तर कामगाराने वर जायचे कसे, हा प्रश्न वेगळाच. टाकी डासप्रतिबंधक करा, शिडी बसवा, अशी नोटीस मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३८१ खाली देता येते. पण नोटिसा किती दिल्या यापेक्षा नोटीस दिलेल्या टाकीवर महिन्याभराने झाकण बसले का, हे पाहणारा अधिकारी सन्मानाला अधिक पात्र आहे, असे आमचे ठाम मत आहे.

एडिसची जागा लहान असते आणि ती बहुतेक वेळा घरातच सापडते. फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीचे पाणी धरणारे भांडे, कुंडीखालची ताटली, बाटलीत लावलेला मनी प्लांट, फेंगशुईचा बांबू, छतावरच्या ताडपत्रीची घडी, टायर, नारळाची करवंटी, थर्माकोलचा खोका. पावसाळ्यातल्या उकाड्यात अंडे ते डास हा प्रवास साधारण आठवड्याभरात, फार तर दहा दिवसांत पुरा होतो. म्हणूनच आठवड्यातून एक ठरलेला दिवस ‘कोरडा’ पाळायचा: सर्व भांडी रिकामी, उलटी, कोरडी. इथे एक गोष्ट लोकांना सांगायची राहून जाते. एडिसची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्महिने टिकतात. नुसते पाणी ओतून टाकले तर पुढच्या वेळी भांडे भरल्यावर तीच अंडी फुटतात. आतून ब्रशने खरवडून घासावे लागते. ज्या भांड्यातले पाणी टाकणे शक्यच नाही, त्यात टेमिफॉस हे अळीनाशक: एक टक्क्याचे दाणे १०० लिटर पाण्याला १० ग्रॅम. घरोघर हे प्रात्यक्षिक करून दाखवणारी आरोग्य सेविका हजार पत्रके वाटणाऱ्यापेक्षा मोलाची आहे.

बांधकामांच्या जागा हा याच कामाचा अवघड भाग. स्लॅब पक्का होण्यासाठी (क्युरिंग) त्यावर बांध घालून साठवलेले पाणी, लिफ्टचा खड्डा, तळघर, पिंपे. तिथेच राहणारे मजूर हिवतापाचे प्रमाण जास्त असलेल्या भागांतून आलेले असतील, तर काहींच्या रक्तात परजीवी असू शकतात. डास आणि परजीवी एकाच आवारात मिळाले की साथ सुरू व्हायला दुसरे काही लागत नाही. म्हणून नव्याने आलेल्या प्रत्येक मजुराचा रक्तनमुना, साचलेले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकणे आणि या दोन्हींची नोंद ठेवणारा एक नेमलेला माणूस, एवढे जिथे होते तिथला आणि होत नाही तिथला फरक एका पावसाळ्यात कळतो. बिल्डरच्या माणसाने हे प्रामाणिकपणे केले असेल तर त्याचाही सत्कार जरूर करावा.

आता आकड्यांकडे येऊ, कारण पुरस्काराचा सर्वांत मोठा धोका तिथे आहे. ‘ज्या वॉर्डात सर्वांत कमी रुग्ण, त्याला पहिला क्रमांक’ असा निकष लावला, तर रुग्ण कमी करण्यापेक्षा रुग्ण कमी शोधणे सोपे असते. तपासणी वाढवली, खासगी प्रयोगशाळांनी नोंदी द्यायला सुरुवात केली, की आकडा वाढतो, आणि चांगले काम करणारा वॉर्ड मागे पडतो. यावर उपाय म्हणजे रुग्णांचा आकडा कधीही एकटा पाहायचा नाही. किती तापाच्या रुग्णांचे रक्त तपासले, त्यांतले किती दूषित (हिवतापाचे परजीवी असलेले) निघाले, नमुना घेतल्यापासून निकाल मिळेपर्यंत किती तास गेले आणि दूषित रुग्णाच्या आसपासच्या घरांत किती दिवसांत पोहोचले, हे चारही एकत्र मांडावे. अळ्यांचेही तसेच. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. भर ऑगस्टमध्ये एखाद्या भागाचा हा निर्देशांक सलग शून्य येत असेल, तर त्या भागाचे कौतुक करण्यापूर्वी तिथे वही कशी भरली जाते ते पाहावे. दर शंभरातली पाच घरे दुसऱ्या वॉर्डाच्या चमूने न कळवता पुन्हा तपासली, तर खरेखोटे दोन दिवसांत बाहेर येते.

हिवतापात आणखी एक आकडा आहे, जो पुरस्काराच्या कुठल्याही अर्जात आम्हाला दिसत नाही. मुंबईत व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप बराच आढळतो. त्यात तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने ताप जातो, रुग्ण कामावर रुजू होतो आणि औषध संपले असे समजतो. पण या परजीवीची सुप्त रूपे यकृतात राहतात, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागी होतात, ताप परत येतो, आणि मग डास त्याच्याकडून रोग पुन्हा पुढे नेतात. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत, आणि जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असलेल्यांना त्याने रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घ्यायचे नाही. चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत बरे वाटत असलेल्या माणसाला गोळी घ्यायला लावणे, हे या संपूर्ण कार्यक्रमातले सर्वांत चिवट काम आहे. ते करणारी व्यक्ती बहुतेक वेळा मानधनावर काम करणारी असते. २०१० साली मुंबईत हिवतापाची रुग्णसंख्या पाऊण लाखावर गेली होती आणि शंभरावर मृत्यू झाले होते. पुढच्या दहा वर्षांत ती पाच हजारांच्या आसपास खाली आली. त्या उताराचे श्रेय कोणा एकाच्या गळ्यात घालायचे ठरवले, तर तो हार चुकीच्या गळ्यात पडेल.

लसीकरणाचे तसेच. लस टोचतानाचा फोटो सगळे काढतात. लस टोचण्याजोगी राहिली का, हे शीतसाखळी, म्हणजे लस टोचेपर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था, सांभाळणाऱ्याच्या हातात असते. लशींच्या खास फ्रिजचे (आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर) तापमान २ ते ८ अंश सेल्सियस हवे आणि ते दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही, नोंदवायचे असते. लोकांना वाटते की उष्णतेने लस बिघडते. थंडीनेही बिघडते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लशी एकदा गोठल्या की निकामी, म्हणून त्या वरच्या जाळीत ठेवायच्या, तळाला लागू द्यायच्या नाहीत. पोलिओची तोंडाने द्यायची लस आणि गोवर-रुबेलाची लस खाली चालते. लस घेऊन वस्तीत जाताना फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक लगेच डब्यात भरले, तर शेजारची कुपी गोठते. पॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे आणि मगच भरायचे. घाईच्या सकाळी हीच पायरी गळते. कुपीवरच्या खुणेत आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची. दोन्ही सारखे दिसले की फेकायची. मात्र ही खूण उष्णता दाखवते, गोठणे दाखवत नाही. गोठल्याची शंका आली तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून, वितळवून, संशयित कुपीच्या शेजारी हलवून ठेवतात आणि गाळ कोणाचा लवकर बसतो ते पाहतात. गोवर-रुबेलाची उघडलेली कुपी चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी, नीट सांभाळली तर, २८ दिवस चालते. हे नियम पाठ असणे वेगळे आणि वीज गेलेल्या रात्री पाळणे वेगळे.

दुसरी बाजू यादीची. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि परिसरात गोवर उसळला, तेव्हा लशीचा तुटवडा नव्हता. एकही डोस न मिळालेली मुले यादीत नव्हती. गोवर इतका संसर्गजन्य आहे की शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच तो थोपतो. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलणारे कुटुंब नेमके या दोन डोसांच्या मध्ये दुसरीकडे जाते. जुन्या वस्तीत ते मूल ‘स्थलांतरित’ म्हणून खोडले जाते, नव्या वस्तीत ते कोणाच्या नावावर नसते. दर सहा महिन्यांनी डोकेमोजणी करून, पायऱ्यांखालच्या आणि पोटमाळ्यावरच्या खोल्यांसह, यादी नव्याने लिहिणारी सेविका हा प्रश्न सोडवते. तिच्या कामाचे मोजमाप सोपे आहे: गोवर-रुबेलाचा पहिला डोस घेतलेल्यांपैकी किती मुले दुसऱ्याला परतली?

नकार देणाऱ्या घरांबद्दल चटकन ‘अज्ञान’ म्हणायची सवय सोडावी. अनेकदा कारण साधे असते. लशीनंतर मुलाला रात्रभर ताप आला, आई दुसऱ्या दिवशी कामाला जाऊ शकली नाही, रोजंदारी बुडाली, आणि ताप येऊ शकतो हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते. टोचल्यावर चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो व झाला तर काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे आणि कार्ड जपून ठेवा. त्यानंतर अर्धा तास बसवून ठेवायचे. पोलिओच्या मोहिमेत दारावर ‘पी’ आणि ‘एक्स’ खडूने लिहीत. एक्स म्हणजे मूल राहिले. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, ते एक्स असलेल्या दारांवर पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांमुळे. त्याच काळात मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने घेऊन, रुग्ण नसतानाही विषाणू फिरतो आहे का, हे परळच्या प्रयोगशाळेत पाहिले जात होते. नमुना घेणाऱ्यांची नावे कुठल्या मानपत्रावर नाहीत.

परळचा विषय निघालाच आहे, तर या शहरातला एक जुना दाखला परीक्षकांनी जरूर लक्षात ठेवावा. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीतल्या रुग्णांमध्ये प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम सुरू करून काही महिन्यांतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली उघडण्याचा चिमटा तिथे जमिनीवर पडला होता, आणि दोष गावातल्या हाताळणीतला होता. तरी ठपका हाफकिन यांच्यावर आला. ते निर्दोष असल्याचे मान्य व्हायला १९०७ उजाडले, आणि परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये. प्रतिबंधाच्या कामात हे असेच असते. दगावलेली १९ माणसे नावानिशी दिसतात. वाचलेल्यांना आपण वाचलो हेच कळत नाही, त्यामुळे त्यांच्यातून साक्षीदार मिळत नाही. म्हणून निवड समितीने रुग्णांच्या कृतज्ञतेच्या पत्रांवर विसंबू नये. ती उपचार करणाऱ्याला मिळतात आणि मिळायलाच हवीत. इथे नोंदवही हीच साक्षीदार.

शिबिरांबद्दल स्पष्ट लिहायला हवे. रक्तदाबाचे शिबिर म्हणजे मांडव, रांग, घामाघूम होऊन आलेला माणूस, आल्या आल्या बांधलेला पट्टा, तोही शर्टाच्या बाहीवरून, आणि मोजणे चालू असताना ‘आधी काही त्रास होता का?’ असा प्रश्न. या रीतीने आलेला आकडा बहुधा खऱ्यापेक्षा जास्त असतो. पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, मोजताना बोलायचे नाही, पट्ट्याच्या आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ऐंशी टक्के भागाला वेढणारी, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन वाचने. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटाच वाढलेला दिसतो. एवढे करूनही काम तिथे संपत नाही. ज्यांचा दाब जास्त निघाला ते पुढे दवाखान्यात पोहोचले का, आणि सहा महिन्यांनी त्यांतल्या किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आहे? ‘पाच हजार जणांची तपासणी’ करणाऱ्या शिबिरापेक्षा दोनशे रुग्णांची यादी ठेवून त्यांतल्या सव्वाशे जणांचा दाब आटोक्यात ठेवणारा वस्तीतला दवाखाना पुरस्काराच्या रांगेत पुढे उभा राहायला हवा.

उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या, पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिसबद्दल थोडक्यात. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्यायचे असते. एकदाच पाण्यातून चालले आणि पायाला जखम नसेल तर २०० मिलिग्रॅमचा एक डोस. जखम असेल तर रोज एक असे तीन दिवस. आणि ज्यांना त्या पाण्यात रोजच उतरावे लागते त्यांना आठवड्यातून एक असे सहा आठवडे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे. तिसऱ्या गटात सफाई कामगार आणि पर्जन्यजल वाहिन्यांवर काम करणारे येतात. त्यांना सहाही आठवडे गोळी हातात देऊन, समोर घ्यायला लावून, नोंद ठेवणारा मुकादम, आणि रात्री टॉर्च व काठी घेऊन उंदीर मारणारे कामगार, हे दोघेही आमच्या मते आरोग्यक्षेत्रातलेच नेते आहेत.

गटाचा सन्मान करता येतो, याला मोठी उदाहरणे आहेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशा कार्यकर्त्यांना मिळून ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार दिला. आपल्याच राज्यात जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना १९७९ मध्ये मॅगसेसे मिळाले, ते गावातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवून त्यांच्या हाती सोपवल्याबद्दल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाचे श्वास मिनिटभर मोजायला, वजन करायला आणि ताप पाहायला गावातल्याच स्त्रियांना तयार केले. मुंबईत दारोदारचे हे काम महापालिकेच्या आरोग्य सेविका वर्षानुवर्षे करत आल्या आहेत.

तेव्हा जे पुरस्कार देतात त्यांच्याकडे आमच्या मागण्या अशा. अर्ज स्वतः उमेदवाराने भरण्याऐवजी सहकाऱ्यांनी आणि रहिवाशांनी नावे सुचवावीत; स्वतःची फाइल सजवायला ज्याला वेळ मिळतो त्याला बहुधा गच्चीवर चढायला वेळ मिळालेला नसतो. समितीत निदान एक कीटकशास्त्रज्ञ आणि एक निवृत्त परिचारिका असावी. परीक्षकांनी न कळवता जाऊन पाच टाक्या, एक शीतपेटी आणि एक लसीकरणाची यादी स्वतः पाहावी. एका वर्षाचा आकडा ग्राह्य धरू नये. पाऊस कमी झाला तर डासही कमी होतात, त्यात कोणाचे कर्तृत्व नसते. सलग तीन पावसाळे पाहावेत. कंत्राटी आणि मानधनावरच्या माणसांना कायम कर्मचाऱ्यांइतकेच पात्र मानावे, आणि समारंभाला येण्यासाठी त्यांचा त्या दिवसाचा पगार बुडणार असेल तर तो आयोजकांनी भरून द्यावा.

समारंभ जुलै ते सप्टेंबर या काळात मुळीच ठेवू नये. त्या महिन्यांत दुपारी चार तास सभागृहात बसवलेला कीटकनाशक विभागाचा चमू म्हणजे तेवढ्या टाक्या तपासायच्या राहिल्या. ७ एप्रिलचा जागतिक आरोग्य दिन सोयीचा आहे. मागच्या पावसाळ्याचे आकडे तोवर हाती आलेले असतात आणि पुढचा पावसाळा दोन महिन्यांवर असतो. ट्रॉफी आणि शाल यांवर होणारा खर्च थोडा आवरून बक्षिसाचा एक भाग चमूच्या साधनांसाठी द्यावा: हलकी ॲल्युमिनियमची शिडी, डोक्याला बांधायचा दिवा, मापाचे गमबूट, रक्तदाबाच्या यंत्रासाठी तीन आकारांचे पट्टे. यांतली बरीचशी साधने लोकांना आजही स्वतःच्या खिशातून घ्यावी लागतात.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. अशा सत्काराची बातमी छापताना फोटोखाली पाहुण्यांच्या नावांबरोबर तीन आकडे द्यावेत: त्या चमूने वर्षभरात किती टाक्या तपासल्या आणि त्यांतल्या किती दूषित निघाल्या, गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसानंतर किती मुले दुसऱ्यासाठी परत आली, आणि हिवतापाच्या किती रुग्णांचा प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स पुरा झाला. आयोजकांकडे हे आकडे नसतील तर ‘आयोजकांनी आकडे दिले नाहीत’ एवढे वाक्य छापावे.

आपले,
सार्वजनिक आरोग्याच्या कामातील काही वाचक,
परळ, मुंबई